दातांची राखण कोणाच्या हाती?

१९४८ साली, अवघ्या चार महिन्यांच्या अंतराने, आशियातील दोन देशांनी दातांविषयी कायदे केले. २९ मार्चला भारताचा दंतवैद्यक कायदा अस्तित्वात आला आणि ३० जुलैला जपानमध्ये 'शिका एइसेइशी' यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. भारत नुकताच स्वतंत्र झाला होता; जपान युद्धात बेचिराख होऊन अमेरिकी ताब्यात होता. दोन्ही देशांच्या कायद्यांत एका नव्या व्यक्तीला स्थान मिळाले. ती दंतवैद्य नव्हती. मात्र दात स्वच्छ करण्याचे आणि ते कसे राखावेत हे शिकवण्याचे रीतसर शिक्षण तिने घेतलेले असावे, अशी कायद्याची अपेक्षा होती. भारतीय कायद्याने तिला 'डेंटल हायजिनिस्ट' म्हटले, जपानने 'शिका एइसेइशी'.

पाऊणशे वर्षांनंतरचे चित्र असे आहे. २०२२ च्या सरकारी नोंदीनुसार जपानमध्ये सुमारे १ लाख ४५ हजार हायजिनिस्ट काम करीत होते, तर दंतवैद्य होते सुमारे १ लाख ५ हजार. म्हणजे सहायकांची संख्या वैद्यांपेक्षा मोठी. भारतात दंतवैद्यांची नोंदणी काही लाखांवर गेली. हायजिनिस्ट मात्र इतके थोडे, की आपल्यापैकी बहुतेकांनी परदेशी येईपर्यंत हा शब्दही ऐकलेला नसतो.

शब्द दोन्हीकडे एकाच वर्षी कायद्यात आला. एका देशात त्याला हात मिळाले, दुसऱ्या देशात तो बहुतांशी कागदावर राहिला. या फरकातून, एदोगावात मुले वाढवणाऱ्या पण मनाने अकोला, नागपूर, नांदेड, परभणीशी बांधलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांनी काय घ्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे. मी दंतवैद्य नाही. सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करणारा एक पालक आहे. परंतु कोणते काम कोणावर सोपवावे, किती अधिकार द्यावा, त्याची नोंद कशी राहावी आणि चूक झाल्यास ती कोणाच्या ध्यानात यावी, हे आमच्या व्यवसायातले रोजचेच प्रश्न आहेत. म्हणूनच दवाखान्यातील ही कामाची वाटणी मला विचार करण्याजोगी वाटली.

कायद्याने सोपवलेले काम

जपानमध्ये हायजिनिस्ट प्रथम नेमले गेले ते सरकारी आरोग्य केंद्रांत, आणि त्यांचे काम होते दातांचे रोग होऊ न देणे. १९४९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या शाळांचा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. १९८३ मध्ये तो दोन वर्षांचा झाला, २००५ मध्ये तीन वर्षांचा नियम आला आणि २०१० पर्यंत तो सर्वत्र लागू झाला. शिक्षणानंतर राष्ट्रीय परीक्षा, मग परवाना. कामाची कक्षाही टप्प्याटप्प्याने वाढली. १९५५ च्या दुरुस्तीने दंतवैद्याला उपचारांत साहाय्य करण्याचे काम जोडले गेले. १९८९ च्या दुरुस्तीने दंत-आरोग्याचे मार्गदर्शन हे तिसरे अधिकृत काम ठरले.

२०१४ ची दुरुस्ती आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची. तोवर प्रतिबंधक उपचार दंतवैद्याच्या 'प्रत्यक्ष' मार्गदर्शनाखालीच करावा, असे कायद्याचे शब्द होते. त्यातील 'प्रत्यक्ष' हा शब्द वगळण्यात आला आणि दंतवैद्याशी निकट समन्वय ठेवण्याची अट घालण्यात आली. परिणामी, आरोग्य केंद्रात मुलांच्या दातांना फ्लोराइड लावताना दंतवैद्याने प्रत्येक वेळी शेजारी उभे राहण्याची गरज उरली नाही. याच दुरुस्तीत हायजिनिस्टच्या व्याख्येतील 'स्त्री' हा शब्द जाऊन 'व्यक्ती' हा शब्द आला.

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. जपानी दवाखान्यांत 'शिका जोशू' म्हणजे दंत-सहायकही असतात. त्यांच्यासाठी राष्ट्रीय परवाना नाही. हत्यारे मांडणे, निर्जंतुक करणे, नोंदवही सांभाळणे, स्वागतकक्ष पाहणे ही त्यांची कामे. रुग्णाच्या तोंडात हात घालून उपचार करण्याची मुभा त्यांना नाही. गणवेश पुष्कळदा सारखाच असतो, त्यामुळे पालकांना दोघांतला फरक कळत नाही. काम सोपवण्याचा पाया शिक्षण आणि परवाना हाच आहे. हाताशी कोण मोकळे आहे, यावर ते ठरत नाही.

निष्पत्ती काय झाली? जपानच्या शालेय आरोग्य पाहणीत १२ वर्षांच्या मुलाचे किडलेले, किडीमुळे काढलेले किंवा भरलेले कायमचे दात मोजले जातात. १९८४ मध्ये त्यांची सरासरी प्रत्येक मुलामागे ४.७५ होती. २०२२ मध्ये ती ०.५६ झाली. याचे सारे श्रेय हायजिनिस्टांना देणे योग्य होणार नाही. या काळात फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट जवळजवळ घरोघरी पोहोचली. निइगाता प्रांतातील याहिको गावच्या प्राथमिक शाळेत १९७० साली फ्लोराइडच्या पाण्याने चुळा भरण्याचा उपक्रम सुरू झाला आणि पुढे तो अनेक शाळांत गेला. ऐंशीव्या वर्षी आपले वीस दात शाबूत असावेत, ही '८०२०' मोहीम १९८९ मध्ये उभी राहिली. पण आरोग्य केंद्रात, शाळेत आणि दवाखान्यात ही शिकवण प्रत्येक आईबापाच्या गळी उतरवणारे माणूस बहुधा हायजिनिस्टच होते.

एदोगावातील खुर्ची

एदोगावा वॉर्डात आज पाच हजारांहून अधिक भारतीय राहतात. निशिकासाई, कासाई, सेइशिनचो, कोमात्सुगावा या भागांतील आपल्या कुटुंबांना पुढचा क्रम परिचित असेल. गरोदरपणी वॉर्ड कार्यालयातून 'बोशी तेच्यो', म्हणजे माता-बाल आरोग्य पुस्तिका मिळते. तिच्यात बाळाच्या दातांसाठी वेगळी पाने असतात. १९६५ च्या माता-बाल आरोग्य कायद्यानुसार दीड वर्षांच्या आणि तीन वर्षांच्या मुलांची तपासणी ही स्थानिक प्रशासनाची जबाबदारी आहे आणि दातांची तपासणी तिचाच भाग आहे. पुढे जपानी शाळेत प्रवेश घेतला की शाळेचा नेमलेला दंतवैद्य दरवर्षी तपासतो आणि घरी कागद पाठवतो. त्या कागदावर 'सीओ' अशी खूण असेल तर दात अद्याप किडलेला नाही, पण लक्ष ठेवावयास हवे, असा तिचा अर्थ. शिवाय टोकियोच्या २३ वॉर्डांत विम्यात बसणारे उपचार मुलांना मोफत मिळतात. एप्रिल २०२३ पासून ही सवलत १८ व्या वर्षानंतर येणाऱ्या मार्चअखेरपर्यंत वाढवण्यात आली आहे.

दवाखान्यात मात्र आपल्या लोकांची थोडी गडबड होते. माझी आई गेल्या वर्षी काही महिने येथे होती, तेव्हा नातीबरोबर दातांच्या दवाखान्यात आली. हायजिनिस्टने मुलीचे दात मोजले, लाल रंग लावून कुठे कीट राहिले ते तिला आरशात दाखवले, तिच्याच हातून ब्रश करवून घेतला, मग स्वतः दात घासून फ्लोराइड लावले आणि सगळे संगणकात नोंदवले. शेवटी दंतवैद्य आले, दोन-तीन मिनिटे पाहिले, नोंद वाचली, हसून निघून गेले. बाहेर पडताना आई म्हणाली, "अरे, डॉक्टरांनी तर काहीच केलं नाही. सगळं त्या नर्सबाईनंच केलं. एवढ्या मोठ्या देशात येऊन लेकराला डॉक्टरचा हात लागू नये?" मुलीने तिला सुधारले, "आजी, त्या नर्स नाहीत, माझ्या एइसेइशी-सान आहेत."

आईच्या तक्रारीमागे आयुष्यभराचा अनुभव आहे. आपल्याकडे गरिबाच्या वाट्याला नेहमी कंपाउंडर आला. डॉक्टर भेटले नाहीत, म्हणून कंपाउंडरने गोळी दिली. डॉक्टर सुटीवर, म्हणून शिपायाने पट्टी बांधली. म्हणून 'डॉक्टरने स्वतः पाहिले' हेच आपल्या मनात सन्मानाचे माप झाले. जिने ते माप रांगेत उभे राहून शिकले, तिला ते सोडून दे म्हणणे सोपे नाही. तरीही मुलांच्या दातांच्या बाबतीत ते माप तपासून पाहिले पाहिजे.

या कामाला वैद्य लागतो का?

दात किडण्याची प्रक्रिया थोडक्यात अशी: तोंडातील जिवाणू साखर खातात आणि आम्ल सोडतात. ते आम्ल दाताच्या कवचातील खनिजे विरघळवते. लाळ ती पुन्हा भरून काढते आणि फ्लोराइड या भरणीला बळ देते. दिवसभरात तोंडात साखर किती वेळा जाते, कीट किती निघते आणि फ्लोराइड किती मिळते, यावर पारडे कोणीकडे झुकणार ते ठरते. खड्डा पडला की मग वैद्य हवाच. पण खड्डा पडू न देण्याची जी कामे आहेत, ती बहुतांशी कौशल्याची, चिकाटीची आणि पुन्हा पुन्हा करावयाची आहेत.

फ्लोराइडचे व्हार्निश दातांवर लावणे हे असेच एक काम. २०१३ मध्ये कोक्रेन या संस्थेने अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा व्हार्निशमुळे कायमच्या दातांतील कीड सरासरी ४३ टक्क्यांनी आणि दुधाच्या दातांतील ३७ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. दुसरे काम दाढांच्या खाचा बुजवण्याचे, ज्याला येथे 'शीरांतो' म्हणतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. ती उगवताना कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती दुधाचीच आहे असे समजून पालक दुर्लक्ष करतात, आणि तिच्या खोल खाचांतच कीड आधी शिरते. तिसरे काम शिकवण्याचे: रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नये, चहाबरोबर बिस्किटांचा रतीब दिवसभर चालू नये, लहान मुलाला ब्रश करू दिल्यावर मोठ्यांनी त्याचे डोके मांडीवर घेऊन पुन्हा एकदा दात घासावेत. या शेवटच्या सवयीला जपानीत 'शिआगे मिगाकी' असे नाव आहे आणि ती प्रत्येक आईबापाला करून दाखवली जाते.

या कामांसाठी पाच वर्षे शिकलेल्या दंतवैद्याचा वेळ खर्ची घालणे परवडत नाही, म्हणून ती होतच नाहीत, हा जगभरचा अनुभव आहे. अमेरिकेतील ब्रिजपोर्ट शहरातल्या आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्याने हे ओळखून १९०६ मध्ये आपली सहायक आयरीन न्यूमन हिला दात स्वच्छ करण्याचे शिक्षण दिले. १९१३ मध्ये त्याने अशा सहायकांची शाळा काढली आणि तेथून शिकलेल्या स्त्रिया शहरातील सार्वजनिक शाळांत मुलांचे दात सांभाळू लागल्या. न्यूझीलंडने १९२१ मध्ये शालेय दंत-परिचारिकांचे दोन वर्षांचे शिक्षण सुरू केले. पहिल्या महायुद्धासाठी भरती झालेल्या तरुणांचे दात पाहून तेथील सरकार हादरले होते.

आजचे सर्वांत बोलके उदाहरण स्कॉटलंडचे आहे. तेथील 'चाइल्डस्माइल' योजनेत बालवाड्यांतील मुले रोज देखरेखीखाली दात घासतात आणि जास्त शिक्षण घेतलेल्या दंत-सहायक गरीब वस्त्यांतील बालवाड्या व शाळांत जाऊन वर्षातून दोनदा व्हार्निश लावतात. शाळेच्या पहिल्या वर्गातील ज्या मुलांच्या दातांत उघड कीड दिसत नाही, त्यांचे प्रमाण २००३ मध्ये ४५ टक्के होते. २०२० पर्यंत ते ७३ टक्क्यांच्या पुढे गेले.

जपानने या कामात एका औषधाचीही भर घातली आहे. ओसाका विद्यापीठातील संशोधनातून तयार झालेले, चांदी आणि फ्लोराइड यांचे 'साफोराइड' हे द्रावण १९७० पासून येथे वापरात आहे. ते लावल्यावर कीड बऱ्याचदा थांबते. दात कोरावा लागत नाही, भूल लागत नाही. किडलेला भाग काळा पडतो, हा त्याचा दोष, म्हणून पालकांची संमती आधी घ्यावी लागते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या प्रकारच्या औषधाचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. न्यूयॉर्कच्या शाळांतील एका मोठ्या अभ्यासात हेच औषध परिचारिकांनी लावले काय किंवा हायजिनिस्टांनी लावले काय, परिणामात उणेपणा दिसला नाही.

पालघरची चिठ्ठी

आता आपल्या गावाकडे वळू. २००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य पाहणीत भारतातील ५ वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के आणि १२ वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के मुलांच्या दातांना कीड आढळली होती. म्हणजे वर्गातले प्रत्येक दुसरे मूल.

फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणाऱ्या या योजनेत सुरुवातीला ३० आजार व दोष निवडले गेले आणि दातांची कीड त्यांत आहे. फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जावीत, अशी आखणी आहे. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. योजना चांगली आहे आणि तिने हृदयाचे दोष, फाटलेले ओठ वेळेवर शोधून कितीतरी मुलांना नवे आयुष्य दिले आहे.

परंतु दातांच्या बाबतीत तिची साखळी एका ठिकाणी तुटते. पथक तोंडात पाहते, कीड नोंदवते आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी देते. व्हार्निश लावणारे, खाच बुजवणारे, आईला ब्रश धरून दाखवणारे प्रशिक्षित माणूस पथकात नाही. मोखाड्याच्या किंवा जव्हारच्या पाड्यावरील आईने ती चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या गावी जावयाचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवावयाची. न दुखणाऱ्या दातासाठी ती का जाईल? दात दुखू लागतो तेव्हा तो काढण्याखेरीज उपाय उरलेला नसतो.

महाराष्ट्राला काम सोपवणे जमत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या ज्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले, त्यांत अनेक दलित समाजातील होत्या, अनेकींना अक्षरओळख नव्हती. ज्यांची सावली टाळली जात होती, त्या स्त्रिया गावाच्या घराघरांत बाळंतिणी तपासू लागल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण दिले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणेही त्यात होते. तुलनेच्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि पुढे देशभरच्या आशा सेविकांच्या कामात ही पद्धत आली.

ज्या राज्यात गावातील बाई नवजात बाळाला इंजेक्शन देऊन वाचवू शकते, त्या राज्यात तिच्यासारख्याच प्रशिक्षित बाईने शाळकरी मुलाच्या दाताला व्हार्निश लावणे अशक्य कसे म्हणावे?

दुय्यम दर्जाचा प्रश्न

येथे आपल्या समाजातून एक आक्षेप येतो आणि तो टाळू नये. 'शहरातल्या श्रीमंताच्या मुलाला डॉक्टर आणि आमच्या वस्तीतल्या मुलाला सहायक, हीच तुमची समता काय?'

आक्षेपामागे इतिहास आहे. मुखाचा, लाळेचा, उष्ट्याचा विटाळ मानणाऱ्या व्यवस्थेत शरीराच्या सेवेची कामे पूर्वीपासून खालीच ढकलली गेली. अनेक गावांत सुईणीचे काम अस्पृश्य मानलेल्या जातींतील स्त्रियांकडे होते. तिच्या हातावर सवर्णांची बाळे जन्मली, पण तिला ना शिक्षण मिळाले, ना मान, ना ठरलेले वेतन. आणि काम उरकल्यावर तोच हात पुन्हा अस्पृश्य ठरला. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातिव्यवस्थेची चिकित्सा करताना कामाची वाटणी आणि काम करणाऱ्या माणसांची उतरंड यांतील जो फरक उलगडून दाखवला, तो येथे लख्ख दिसतो. जन्मावरून लादलेले काम आणि शिक्षणावरून सोपवलेले काम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून कोणत्याही योजनेला आपण तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हे काम करणाऱ्याला पुरेसे शिक्षण आणि परवाना आहे का? दुसरा, त्याच्या कामावर देखरेख आणि त्याची नोंद आहे का, आणि आवश्यक तेव्हा वैद्याकडे पोहोचण्याची वाट मोकळी आहे का? तिसरा, हेच काम श्रीमंताच्या मुलासाठीही याच हातांनी होते का? जपानमध्ये तिन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी आहे. एदोगावातील कंपनीच्या संचालकाचे मूल आणि हॉटेलातील आचाऱ्याचे मूल एकाच प्रकारच्या परवानाधारक हाताखाली तोंड उघडते. तेथे हायजिनिस्टचा हात हा वैद्य न मिळाल्यामुळे आलेला पर्याय नसतो. त्या कामासाठी तोच योग्य हात मानला जातो.

चौथा प्रश्न काम करणाऱ्यांचा आहे: त्यांना पुरेसे वेतन आणि सन्मान मिळतो का? ही कामे जगभर बहुधा स्त्रियांकडे आली आणि म्हणून स्वस्त ठरली. न्यूझीलंडच्या दंत-परिचारिकांना १९७४ मध्ये वेतनासाठी संसदेवर मोर्चा न्यावा लागला. महाराष्ट्रातील आशा सेविका २०२४ च्या आरंभी आझाद मैदानावर कित्येक दिवस बसल्या होत्या, कारण राज्याच्या आरोग्याचा भार वाहूनही त्यांना वेतन नव्हे, मानधन मिळते. उद्या दातांचे कामही मोबदल्याविना त्यांच्याच डोक्यावर ठेवले, तर त्याला काम सोपवणे म्हणता येणार नाही. ती वेठ होईल.

विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना आणखी एक शंका येईल. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे आणि तेथील मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. तेथे फ्लोराइडचे नाव काढले की लोक बिचकतात, आणि ते साहजिक आहे. रोज पोटात जाणारे पाणी आणि वर्षातून दोनदा दाताच्या पृष्ठभागावर लावलेला थेंबभर लेप या वेगळ्या गोष्टी आहेत; पण कोणत्या गावात काय करावे, हे पाण्याच्या तपासणीवरून ठरले पाहिजे. काम करणाऱ्याला शिक्षण का हवे, याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

आपण काय करावे

एदोगावातील घरांसाठी पुढील गोष्टी लगेच करण्याजोग्या आहेत. दीड आणि तीन वर्षांच्या तपासणीचे पत्र जपानीत येते म्हणून बाजूला ठेवू नये. भाषा अडत असेल तर समूहातील कोणाला तरी बरोबर न्यावे. मूल आंतरराष्ट्रीय शाळेत असेल तर तेथे वार्षिक दंत-तपासणी होते का, हे विचारून घ्यावे आणि होत नसेल तर स्वतः दवाखान्यात वेळ ठरवावी. तोंडात काम करणारी व्यक्ती एइसेइशी आहे ना, हे नम्रपणे विचारण्यात गैर काही नाही. आणि ती असेल, तर तिच्याशी बोलावे; वैद्यांच्या दोन मिनिटांपेक्षा तिच्या वीस मिनिटांत आपल्या मुलाच्या दातांविषयी अधिक कळते.

टूथपेस्टविषयी जपानच्या चार दंतविषयक संस्थांनी जानेवारी २०२३ मध्ये एकत्रित शिफारस केली आहे. पहिला दात आल्यापासून दोन वर्षांपर्यंत १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते पाच वर्षांपर्यंत तीच वाटाण्याएवढी, आणि सहाव्या वर्षापासून १५०० पीपीएमची पेस्ट दीड ते दोन सेंटिमीटर. वेष्टनावरचा आकडा वाचून घ्यावा.

गावाकडच्यासाठीही आपल्याला करता येण्याजोगे आहे. आपले समूह दरवर्षी वह्या-पुस्तके पाठवतात, शिष्यवृत्त्या देतात. त्यांत हायजिनिस्टच्या शिक्षणासाठी एखादी शिष्यवृत्ती घालता येईल. भारतात हा अभ्यासक्रम वैद्यकीय प्रवेशाच्या जीवघेण्या स्पर्धेबाहेर आहे आणि वस्तीतील मुलीला दोन-तीन वर्षांत स्वतःच्या पायावर उभे करू शकतो. त्याचबरोबर मागणीही केली पाहिजे, कारण पदच नसेल तर शिकून नोकरी कोठे मिळणार? १९४८ चा जुना कायदा बाजूला सारून त्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत झाला आहे. नियम घडण्याचा हा काळ आहे. प्रत्येक बाल स्वास्थ्य पथकात एक प्रशिक्षित, परवानाधारक आणि पगारी दंत-हायजिनिस्ट असावा, ही मागणी लहान आहे, स्पष्ट आहे आणि आपल्या लोकप्रतिनिधींसमोर एका पानात मांडता येते.

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाचा ४७ वा अनुच्छेद सांगतो. त्या कर्तव्यात मोखाड्याच्या पाड्यावरील सहा वर्षांच्या मुलीची नुकतीच उगवलेली दाढ येते. तिच्या हाती चिठ्ठी देऊन पथक पुढच्या गावाला निघून जाते की कोणी खाली बसून ती दाढ बुजवते, एवढाच हा प्रश्न आहे. ते बसणारे माणूस घडवायला जपानने एका वर्षाच्या अभ्यासक्रमापासून सुरुवात केली होती.